आमच्या घराला एक पान द्या

प्रति,
मा. सचिव (संशोधन),
मंत्रिमंडळ सचिवालय, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पदनामातल्या कंसातल्या शब्दाने शाळेत माझी चांगलीच पंचाईत केली होती, तिथूनच सुरुवात करते. आम्ही दिल्लीत रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. आई म्हणाली, 'सेंट्रल गव्हर्न्मेंट' लिही. बाईंनी विचारलं, कुठलं खातं? मी घरी येऊन बाबांना विचारलं. त्यांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, "रिसर्च लिही." मी लिहिलं, आणि त्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बाबांना शाळेचं आमंत्रण गेलं.

नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर का, हा प्रश्न आला असता. बाबा सफारी घालून आले. ज्वालामुखी, पवनचक्की, पाण्याची टाकी, प्रत्येकासमोर दोन-दोन मिनिटं थांबले. मुलांना विज्ञानाचं मात्र त्यांनी काही विचारलं नाही. हे सामान कुठून आणलंस? पहिल्यांदा बिघडलं कधी? घरी अजून कोण कोण असतं? पहिलं बक्षीस त्यांनी दिलं ते एका मुलाच्या न वाजणाऱ्या विजेच्या घंटेला. घरी येताना मी रागावून कारण विचारलं, तर म्हणाले, "मामाने करून दिली, असं सांगणारा तो एकटाच होता."

बाबांना काम करताना मी पाहिलं ते तेवढंच. आपल्या खात्यात, म्हणजे देशाबाहेरची गुप्त माहिती मिळवणाऱ्या रॉमध्ये, ते एकोणतीस वर्षं होते.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. वर्तमानपत्रात आम्ही दिलेल्या निधनवार्तेत 'सेवानिवृत्त केंद्र सरकारी अधिकारी' एवढंच होतं. सोसायटीच्या शोकसभेत सेक्रेटरी बोलले, "अत्यंत शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात." आईने माझा हात दाबला, तिला हसू आवरत नव्हतं. दहाव्यानंतर दोन वयस्कर गृहस्थ दिल्लीहून आले. चहा घेतला, फोटोला हात जोडले, एकाने बराच वेळ चष्मा पुसला. जाताना नावं सांगून गेले. "खरी असतील," आई म्हणाली.

पण हे पत्र फक्त माझ्या बाबांबद्दल नाही. त्यांच्याबद्दल मला लिहिण्याइतकं माहीतच नाही. ज्यांच्याबद्दल थोडंफार माहीत आहे, ते म्हणजे आपल्या खुर्चीवर सगळ्यांत आधी बसलेले रामेश्वर नाथ काओ.

२००२ च्या जानेवारीत बाबा नुकतेच निवृत्त होऊन आम्ही कोथरूडला स्थिरावत होतो. २० जानेवारीला काओ दिल्लीत वारले, वयाच्या ८३ व्या वर्षी. बाबांनी इंग्रजी पेपरातली बातमी कापली आणि एलआयसीच्या फायलीत ठेवली. बाबा पेपर कापत नसत. रद्दीवाला कापलेला पेपर कमी भावाने घेतो असं त्यांचं मत होतं. म्हणून मी विचारलं, हे कोण? "साहेब होते." तुम्ही भेटलात कधी? "नाही. एकदा लांबून पाहिलं. सूट छान होता." संपलं. पुढची वीस-बावीस वर्षं त्या विषयावर एक अक्षर नाही. मग मीच वाचायला लागले.

काओ बनारसचे, काश्मिरी पंडितांच्या घरातले. जन्म मे १९१८ चा. वडील लवकर गेले आणि काकांनी वाढवलं. शाळा मात्र बडोद्यात झाली; १९३२ मध्ये ते तिथूनच मॅट्रिक झाले. हे वाचून मला फार बरं वाटलं. सयाजीराव महाराजांचं बडोदं, जिथे रस्त्यावर गुजरातीबरोबर मराठीही कानावर पडे, तिथे या मुलाने चौदा वर्षांचा होईपर्यंत काय काय ऐकलं असेल! पुढे लखनौ, अलाहाबाद, इंग्रजी साहित्याची एमए, आणि १९४० च्या सुमारास पोलीस सेवेत कानपूरला नेमणूक. स्वातंत्र्याच्या वेळी ते इंटेलिजन्स ब्यूरोत, म्हणजे आयबीत, आले. पंडित नेहरूंच्या सुरक्षेचं काम त्यांच्याकडे होतं.

आता ज्या प्रकरणामुळे मी हे पत्र लिहायला बसले, ते सांगते. मराठी घरांतल्या जुन्या माणसांना ते आजही आठवत असेल, पण काओंचं नाव त्याला जोडलेलं फार कमी जणांना ठाऊक आहे.

११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान हाँगकाँगहून जाकार्ताला निघालं. बांडुंगला भरणाऱ्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेसाठी चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय याच विमानाने जातील असा बोलबाला होता; ते आलेच नाहीत. कॅप्टन होते दामोदर जटार. जमिनीवरची देखभाल पाहणारे इंजिनिअर अनंत कर्णिक त्या दिवशी विमानात होते. सुमारे पाच तासांनी, खाली समुद्र असताना, चाकं जिथे आत ओढली जातात त्या जागी स्फोट झाला आणि पंखाला आग लागली. जटारांनी जळतं विमान समुद्रावर उतरवायचा प्रयत्न केला. विमानातल्या एकोणीसपैकी सोळा जण गेले, त्यांत जटार होते आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी होत्या. तिघे वाचले: कर्णिक, सहवैमानिक दीक्षित आणि दिशादर्शक पाठक. नातुना बेटांजवळच्या त्या पाण्यात पोहत त्यांनी किनारा गाठला.

हा अपघात नसून घातपात आहे हे लवकरच दिसू लागलं. चौकशीत भारताच्या वतीने नेहरूंनी पाठवलेला माणूस म्हणजे काओ. वय छत्तीस. एका बाजूला हाँगकाँगचे ब्रिटिश पोलीस, दुसऱ्या बाजूला पेकिंगचं चिनी सरकार, विमान पडलं ते इंडोनेशियाच्या हद्दीत, आणि कोणाचाच कोणावर विश्वास नाही. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत टाइमबॉम्बचे, अमेरिकी बनावटीच्या डिटोनेटरचे भाग सापडले. संशय गेला हाँगकाँगच्या विमानतळावर विमानं साफ करणाऱ्या एका कामगारावर. पोलीस त्याच्यापर्यंत पोचेतो तो विमानात लपून तैवानला पोचला होता. तैवानने त्याला कधीच परत दिलं नाही. चौ एन लाय काओंच्या कामावर इतके खूश झाले की त्यांनी आपली एक मोहर त्यांना भेट दिली.

महोदय, आता बघा. त्या विमानातून वाचलेले कर्णिक पुढे त्या दिवसाबद्दल लिहू शकले. एका मराठी इंजिनिअरने जळत्या विमानातले शेवटचे क्षण, कॅप्टन जटार, ते पाणी, सगळं आपल्या शब्दांत मांडलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. जटारांच्या घरच्यांना आपला माणूस शेवटच्या घटकेला काय करत होता हे कळलं. पण तो बॉम्ब कोणी आणि कसा ठेवला हे शोधत वणवण फिरलेल्या माणसाने हयातीत त्यावर एकही पुस्तक लिहिलं नाही. एकाच घटनेतली ही दोन माणसं. एकाचं तोंड उघडं राहिलं, एकाचं बंद.

पुढचं बरंचसं आपल्याला माझ्याहून जास्त माहीत आहे, तेव्हा भराभर जाते. काओ घानाला गेले आणि एन्क्रुमांच्या सरकारसाठी तिथलं गुप्तवार्ता खातं उभं करून आले. १९६२ च्या चीन युद्धानंतर हवाई टेहळणीचं एव्हिएशन रिसर्च सेंटर सुरू झालं, तेही त्यांच्या हाताखाली. २१ सप्टेंबर १९६८ ला आयबीतून परदेशी काम वेगळं काढून रॉ जन्माला आली आणि ते तिचे पहिले प्रमुख झाले. १९७७ पर्यंत राहिले. या नऊ वर्षांत बांगलादेश झाला, सिक्कीम भारतात आलं. हाताखालची माणसं स्वतःला कौतुकाने 'काओबॉइज' म्हणवून घ्यायची. बाबा १९७२ मध्ये आले, म्हणजे शेपटीला का होईना, तेही त्यातले. (घरात आईनेच त्यांना एकदा या नावाने हाक मारली होती. जेवण अर्धवट टाकून उठले.)

ढाक्याची गोष्ट मला सगळ्यांत जास्त सतावते. बांगलादेशचे संस्थापक नेते मुजीबुर रेहमान यांच्याविरुद्ध त्यांच्याच सैन्यातले काही अधिकारी कट करताहेत, ही बातमी काओंनी स्वतः जाऊन त्यांना सांगितली होती. ही आपलीच पोरं, ती आपल्याला काही करणार नाहीत, अशा भावनेने मुजीब यांनी ती झटकून टाकली. १५ ऑगस्ट १९७५ ला मुजीब आणि त्यांचं जवळपास सगळं कुटुंब मारलं गेलं. आपण सांगितलं होतं, हे काओंनी निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, तेही आरोप झाल्यावर, उघड केलं. ज्याला बातमी आधी कळते आणि तरीही माणूस वाचत नाही, तो रात्री घरी जेवायला बसतो तेव्हा बायकोशी काय बोलतो? मला हे खरंच जाणून घ्यायचं आहे, कारण तसं गप्प बसून जेवणारा माणूस मी पाहिला आहे.

काओ देव नव्हते, आणि मी आरती करायला बसलेले नाही. आणीबाणीत रॉचा वापर देशातल्या विरोधकांवर झाला का, हा प्रश्न १९७७ मध्ये विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा होता. मोरारजींच्या सरकारने खात्याला कात्री लावली, काओ बाजूला झाले. १९८१ पासून ते पुन्हा इंदिरा गांधींचे सुरक्षा सल्लागार म्हणून आले, आणि ३१ ऑक्टोबर १९८४ ही तारीखही त्यांच्याच कारकिर्दीत आहे. आपल्या नाकाखाली पंतप्रधानांची हत्या होते, हे सुरक्षा सल्लागाराचं अपयश म्हणायचं की त्याचं न ऐकणाऱ्यांचं? जोवर कागद बंद आहेत, तोवर दोन्ही बाजूंनी नुसतं ओरडता येतं.

ती तारीख मला लख्ख आठवते. मी अकरा वर्षांची होते. बाबा त्या दिवशी सकाळी गेले ते नऊ दिवस आलेच नाहीत. आमच्या गच्चीवरून धूर दिसायचा. आईने दाराला आतून कडी घालून वर स्टूल लावलं होतं आणि शेजारच्या घरातल्या सरदार आजोबांना पहिले तीन दिवस आमच्या आतल्या खोलीत ठेवलं होतं. नवव्या दिवशी पहाटे बाबा आले, बूट न काढता पलंगावर पडले. संध्याकाळी उठल्यावर माझ्या कंपासपेटीची तुटलेली बिजागरी त्यांनी तारेने नीट करून दिली. मटार सोलले. सरदार आजोबांना घरी सोडून आले. कुठे होतात, असं आईने विचारलं नाही. आमच्याकडे त्या प्रश्नाला 'टूर' एवढंच उत्तर असायचं. बाबा टूरवर आहेत. दिवाळीचा फराळ डब्यात काढून ठेवा, बाबा टूरवरून आले की खातील. सात बदल्या, कितीतरी दिवाळ्या, आणि एक बाळंतपण, ज्यात माझा भाऊ बाबांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चार महिन्यांचा होता.

घरात असले की मात्र पूर्ण घरात असायचे. भाजीचा हिशेब, आमच्या वह्यांना कव्हरं, मंडईत मेथीच्या जुडीची पाहणी. वीस वर्षांपूर्वी कुठल्या लग्नात कुठली मावशी कोणाशेजारी बसली होती हे त्यांना सांगता यायचं, आणि त्यावरून कोणाचं कोणाशी बिनसलंय हेही. माझं माझ्या नवऱ्याशी जुळतंय हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं. काओंच्याही घरी पत्नी होती, एक मुलगी होती. निवृत्तीनंतर ते वसंत विहारच्या घरी शांतपणे राहिले, घोड्यांची शिल्पं करत. फोटो काढून घ्यायचे नाहीत, मुलाखती द्यायच्या नाहीत. घोड्यांच्या या छंदाबद्दल मी बाबांना सांगितलं होतं. ते एकदम खुलले. "हातांना काहीतरी काम लागतं ना गं," म्हणाले. बाबा ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचे. सोसायटीत एकही बिघडलेला रेडिओ उरला नव्हता.

महोदय, मला नियम ठाऊक आहे. ३१ मे २०२१ ला केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाच्या नियमांत बदल केला. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या संस्थांमध्ये, म्हणजे आयबी, रॉ आणि तसल्या खात्यांत, काम केलेल्या माणसाने निवृत्तीनंतर त्या संस्थेच्या क्षेत्राबद्दल, तिथल्या माणसांबद्दल, इतकंच काय तिथे मिळवलेल्या ज्ञानाबद्दलही, प्रमुखाच्या परवानगीशिवाय काही प्रसिद्ध करायचं नाही. केलं तर पेन्शन रोखली जाऊ शकते. बाबांनी तो नियम छापील आणून मला वाचायला दिला आणि म्हणाले, "आता सोसायटीच्या वार्षिकात लेख मागतात त्यांना हे दाखव." विनोद केला होता. पण त्यानंतर ट्रान्झिस्टरबद्दलही लिहायला त्यांनी नकार दिला.

मी आपल्या खात्यात नव्हते. मला पेन्शन नाही, तेव्हा ती रोखता येणार नाही. आणि मला काही माहीतही नाही, तेव्हा फोडण्यासारखं गुपितही नाही. नियमाच्या दृष्टीने माझ्याइतकी निरुपद्रवी बाई नाही.

आजच्या खबऱ्याचं नाव बाहेर पडू नये, चालू कामाला धक्का लागू नये, हे मला कळतं. त्यासाठीच तर आमच्या घराने टूर सहन केल्या. पण १९५५ चं विमान आज कोणाला धोक्यात घालतं? १९७१ च्या कोणत्या कागदाने आज ढाक्यात कोणाचा जीव जाईल? ब्रिटनमधल्या एमआय ५ या देशांतर्गत गुप्तचर खात्याने आपल्या शंभरीला, २००९ मध्ये, एका बाहेरच्या इतिहासकाराला आतले कागद दाखवून अधिकृत इतिहास लिहून घेतला. परदेशातलं काम पाहणाऱ्या एमआय ६ ने पुढच्याच वर्षी १९४९ पर्यंतचा तसाच केला. आपल्याकडे संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्येच युद्धांचा इतिहास लिहिण्याचं आणि साधारण पंचवीस वर्षांनी कागद उघडण्याचं धोरण मान्य केलं. सैन्याला जमतं, मग आपल्याला का नाही? काओंनी स्वतःही वाट मोकळी ठेवली होती: आठवणी बोलून ठेवल्या, कागद दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या संग्रहालयाकडे सोपवले, काही लगेच न उघडण्याच्या अटीवर. गप्प बसणाऱ्यांतला सर्वांत गप्प माणूससुद्धा आपल्यामागे कोणीतरी वाचावं असं मानत होता, हे आपण लक्षात घ्यावं.

इकडे ती रिकामी जागा मोकळी राहिलेली नाही. ती सिनेमांनी आणि व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डांनी भरली आहे. आमच्या फॅमिली ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी एखाद्या 'अज्ञात गुप्तहेराची' रोमहर्षक कथा टाकतं. बाबा ती वाचायचे आणि अंगठा दाखवायचे. हेमंत करकरे यांच्याबद्दल महाराष्ट्रात पोरासोरांना माहीत आहे. पण त्यांनी रॉमध्ये, व्हिएन्नात काढलेली वर्षं आपल्या माहितीत एका ओळीची आहेत. ते वर्दीत परत आले म्हणून आपल्याला कळले. जे आलेच नाहीत त्यांचं काय?

माझी मागणी छोटी आहे. १९७७ पर्यंतचे कागद टप्प्याटप्प्याने उघडा, एखाद्या विद्यापीठातल्या माणसाकडून काओंच्या काळाचा इतिहास लिहून घ्या. त्यात आणीबाणीही येऊ द्या. हे सगळं होईल तेव्हा होवो. पण त्याआधी एक करता येईल. आपल्या खात्यातला माणूस गेला की त्याच्या घरी एक पान पाठवा. गुपित नको. तो कोणत्या वर्षी आला, कोणत्या वर्षी गेला, आणि त्याने जे केलं ते उपयोगाचं होतं की नाही. एवढंच, सहीनिशी.

आई आता ब्याऐंशीची आहे. फारसं बोलत नाही. मागच्या आठवड्यात एलआयसीची फाइल आवरताना काओंच्या बातमीचं ते कात्रण पुन्हा निघालं. आईने ते वाचलं आणि विचारलं, "यांच्या बायकोला तरी माहीत होतं का गं सगळं?"

तिला मी काय सांगू ते आपण कळवावं. माझा पत्ता देत नाही. तो आपल्याकडे असणारच.

आपल्या खात्यातल्या एका निवृत्त माणसाची मुलगी,
कोथरूड, पुणे